ज्वारीची वर्गणी आणि सेवाग्रामचा दवाखाना: एका आरोग्य निधीचा अभ्यास

कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो, आजाराला मात्र हंगाम नसतो. वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात जुलै-ऑगस्ट हे सगळ्यात ओढाताणीचे महिने. बियाणं, खत, निंदण यांत घरातला होता नव्हता तो पैसा वावरात गेलेला असतो आणि कापूस हाती यायला दिवाळी उजाडावी लागते. नेमक्या याच दिवसांत हगवण, मलेरिया, सर्पदंश, लेकरांचा न्यूमोनिया डोकं वर काढतात. माणूस मग दुखणं अंगावर काढतो. तेही जमेनासं झालं की कृषी केंद्रवाल्याकडून किंवा सावकाराकडून उचल घेतो, नाहीतर घरातलं डोरलं गहाण पडतं. दवाखान्याचं बिल परवडतं की नाही, हे ते बिल कितीचं आहे यावर ठरतंच, पण ते कोणत्या महिन्यात हातात पडतं यावरही तितकंच ठरतं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या ज्वारी योजनेने ही गोष्ट ओळखली होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कस्तुरबा हॉस्पिटलच्या मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत एक प्रस्ताव घेऊन गेले. पीक घरी आलं की प्रत्येक कुटुंबाने गावाच्या आरोग्य निधीत ज्वारी टाकायची. त्या बळावर वर्षभर गावात प्राथमिक उपचार मिळतील आणि वेळ आली तर सेवाग्रामला भरती होता येईल. खेड्यात आरोग्य विमा हा शब्दही फारसा पोचला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट.

हे प्रकरण आज पुन्हा नीट उलगडून पाहावं असं मला मनापासून वाटतं. सरकारी आरोग्यसेवेच्या पैशाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती सगळी ‘किती लाखांचं संरक्षण’ या एका आकड्याभोवती फिरते. कोणता खर्च गावाने उचलावा, कोणता सरकारने, आणि पैसे देणाऱ्याला जाब विचारायची जागा कुठे असावी, हे प्रश्न मागे पडले आहेत. सेवाग्रामला या तिन्ही प्रश्नांना हात घातला गेला होता.

कोणी किती द्यायचं

वर्गणी सगळ्यांना सारखी नव्हती. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याने ज्वारी जास्त द्यायची. भूमिहीन मजुराचा वाटा सगळ्यात कमी, पण त्यालाही काहीतरी द्यावं लागेच. उपचार मात्र सगळ्यांना सारखे. ऐपतीप्रमाणे द्या आणि गरजेप्रमाणे घ्या, हे तत्त्व जगातल्या प्रत्येक चांगल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या तळाशी आहे. विदर्भातल्या गावांत ते पायलीने मोजून अंमलात आलं.

ज्वारीच का? शेतमजुरीचा बराच भाग तेव्हा धान्यात मिळायचा. ज्याच्या हातात महिनोन्महिने रोकड येत नाही त्याच्याकडूनही मळणी झाल्यावर पायलीभर ज्वारी निघू शकते. खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा वाटा काढून ठेवायची रीत गावाला नवी नव्हती, त्यामुळे दवाखान्याचा वाटा काढणंही कोणाला परकं वाटण्याचं कारण नव्हतं. शिवाय वर्गणी सुगीत गोळा होत असल्याने पावसाळ्यातल्या आजाराचे पैसे आधीच भरून झालेले असत. विमा कंपन्या हप्त्याची तारीख स्वतःच्या हिशेबाच्या वर्षाप्रमाणे ठरवतात, इथे ती पिकाने ठरवली.

योजनेतली दुसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावातली किमान 75 टक्के कुटुंबं सामील झाली तरच त्या गावाला योजना लागू होई. सामील होणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं तर घरात दमेकरी आहे, सून गरोदर आहे, म्हातारा खाटेवर आहे अशीच कुटुंबं आधी येतात आणि तब्येतीने धडधाकट कुटुंबं बाहेर राहतात. मग निधी वर्षभरात आटतो. शिकलेले अर्थतज्ज्ञ या अडचणीवर पुस्तकं लिहितात. सेवाग्रामच्या मंडळींनी ती गावाच्या बैठकीत सोडवली, कारण 75 टक्क्यांचा आकडा गाठायचा तर गावालाच घरोघरी जाऊन समजूत काढावी लागे. भांडणं, पार्ट्या, जातीची दरी, सगळं बाजूला ठेवून निदान या एका कामापुरतं गाव एकत्र यावं लागे. ते दरवर्षी सोपं गेलं असेल असं मी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट, लाभात केलेला फरक. अचानक आलेल्या आजारासाठी भरती झालेल्या सभासदाला हॉस्पिटलचं बिल नसे. पण आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे नेहमीचं बाळंतपण किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन, काही वाटा कुटुंबाने उचलायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन कापूस विकून झाल्यावर करता येतं, चार महिने आधीपासून पैसे बाजूला टाकता येतात. साप चावला तर ती सवड मिळत नाही. निधी मर्यादित असेल तर तो अवचित संकटासाठी राखून ठेवायचा, हा हिशेब सरळ होता. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र मी आज वेगळं म्हणेन. बाळंतपण ठरलेलं असलं तरी त्यातली गुंतागुंत ठरवून येत नाही आणि बाईला पैशासाठी घरी थांबवणं जिवावर बेततं. देशाने पुढे हाच धडा घेतला. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आणि 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत झालं.

गावात ग्राम आरोग्य सेवक होता. औषधांची पेटी त्याच्याकडे असायची, ताप-खोकला-हगवण तो पाहायचा. नर्स आणि डॉक्टर ठरावीक भेटी द्यायचे, लसीकरण व्हायचं. निधीतला पैसा आधी या गावपातळीवरच्या कामाला लागायचा. भेट चुकली, औषध संपलं, तर गाव विचारू शकायचं, कारण ज्वारी त्यांनी दिलेली होती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल गरीब माणूस तक्रार करायला कचरतो. ‘सरकार देते ते घ्या’ असं कोणी म्हटलं की तो गप्प बसतो. घरातली ज्वारी देऊन आलेला माणूस तसा गप्प बसत नाही. वर्गणीचं खरं मोल तिच्यातून येणाऱ्या पैशापेक्षा या हक्कात होतं, असं माझं मत आहे.

हॉस्पिटल कोणाच्या पैशावर चाललं

आता ज्या भागाकडे ज्वारी योजनेचं कौतुक करणारे बहुतेक जण पाहतच नाहीत, तो भाग. गावोगावच्या ज्वारीवर हॉस्पिटल चालत नव्हतं. ते शक्यच नव्हतं.

कस्तुरबा हॉस्पिटलची सुरुवात 1940 च्या दशकातली, गांधीजींच्या आश्रमाशेजारची. डॉ. सुशीला नायर यांनी ते उभं केलं. 1962 ते 1967 या काळात त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. 1964 मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था म्हणजे ग्रामीण भागातलं मेडिकल कॉलेज सुरू झालं. या संस्थेच्या खर्चाची वाटणी ठरलेली होती: निम्मा भाग केंद्र सरकारचा, 25 टक्के महाराष्ट्र सरकारचा आणि उरलेले 25 टक्के सोसायटीने उभे करायचे. रुग्णांची फी, देणग्या, विम्याची वर्गणी हे सगळं या शेवटच्या चौथ्या हिश्शात येतं. इमारत, डॉक्टर-नर्सचे पगार, यंत्रं, प्रयोगशाळा यांचा मोठा भार करदात्याच्या पैशावर होता.

ज्वारी योजना टिकली ती या पायावर. गावाने पहिल्या पायरीचा खर्च उचलला, वरच्या पायरीला सरकारी अनुदान होतं. दोन्हींत दुवा होता तो एकाच संस्थेचा. गावात जाणारे डॉक्टर आणि वॉर्डात भेटणारे डॉक्टर एकाच हॉस्पिटलचे. कॉलेजची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, त्यामुळे विद्यार्थीही त्या घरांना ओळखत. इथल्या पूर्णवेळ डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस करायला मनाई आहे, ही बाबही पैशाच्या हिशेबात धरली पाहिजे. सकाळी सरकारी ओपीडीत तपासायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकला बोलवायचं ही वाट जिथे बंद आहे, तिथेच स्वस्त उपचार खरोखर स्वस्त राहतात.

म्हणून ‘लोकसहभागातून आरोग्य’ या नावाखाली जेव्हा कोणी सेवाग्रामचं उदाहरण देऊन सरकारचा हात आखडता घ्यायचं सुचवतं, तेव्हा मला त्याला ठाम विरोध करावासा वाटतो. 75 टक्के सार्वजनिक पैसा काढून घेतला असता तर गावच्या ज्वारीतून काही दिवसांचं सलाईनही निघालं नसतं. कोरडवाहू गावं एकमेकांची जोखीम वाटून घेऊ शकतात, पण दुष्काळ पडला की तो सगळ्यांवर एकदमच पडतो. अशा वेळी आधार द्यायला गावाबाहेरचा, मोठा आणि कायमचा निधी लागतो. देशाच्या तिजोरीखेरीज तो कुठे नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या 1946 च्या भोर समितीने हेच सांगून ठेवलं होतं: पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये.

ज्वारी मागे पडली

नव्वदच्या दशकात विदर्भाच्या शिवारात सोयाबीन पसरलं, पुढे 2002 नंतर बीटी कापूस आला. ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं. रानडुकरं आणि पाखरांचा त्रास, काढणीला लागणारी मजुरी, पडलेले भाव, सगळं मिळून ज्वारी परवडेनाशी झाली आणि मजुरीही रोखीत मिळायला लागली. धान्याची वर्गणी मग रोख वर्गणीत बदलली. पुढे कुटुंबाने वर्षाची ठरावीक रक्कम भरून हॉस्पिटलच्या बिलात सवलत घ्यायची, असं स्वरूप आलं.

यात सोय होती, पण काहीतरी सुटलंही. रोख रक्कम सगळ्यांना सारखी ठरवणं सोपं असतं, जमिनीच्या प्रमाणात ठरवायला गावाची बैठक लागते. आणि ज्या वर्षी कापसाला भाव नाही त्या वर्षी रोकड कोणाकडेच नसते.

आजची सोय, आणि तिच्यातली फट

मधल्या काळात सरकार स्वतः मोठ्या विम्यात उतरलं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत आली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. 2013 मध्ये ती राज्यभर लागू झाली, 2017 मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने नव्याने सुरू झाली आणि 2020 मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांत पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला. त्या 14 मध्ये वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा हे विदर्भातले सहा जिल्हे. 2023 मध्ये राज्याने दर कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि उत्पन्नाची अट काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळी सेवा मोफत झाली. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार गरिबाच्या आवाक्यात आले, हे मोठं काम आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे.

देशपातळीवरचे आकडेही तेच दाखवतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये घरातूनच जात होते. त्याच वर्षी सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या जीडीपीच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत 2.5 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर खर्च व्हावा असंही म्हटलं होतं.

हे चाळीस रुपये जातात कुठे, ते आपल्या गावांत पाहणं अवघड नाही. पन्नाशीतली शेतमजूर बाई, बीपीचा त्रास. असं घर या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात सापडेल. उपकेंद्रात गोळ्या मिळाल्या तर ती घेते. संपल्या असतील तर ‘पुढच्या आठवड्यात या’ किंवा ‘बाहेरून घ्या’ असं उत्तर मिळतं. गोळी तशी स्वस्त, पण तिच्यासाठी तालुक्याला काळीपिवळीने जायचं तर येण्या-जाण्याचं भाडं गोळीपेक्षा जास्त होतं. त्यात वेचणी सुरू असेल तर मजुरी किलोवर, म्हणजे अर्धा दिवस रांगेत गेला की तेवढा कापूस वेचायचा राहिला आणि तेवढे पैसे बुडाले. ती महिनाभर गोळी सोडते. ‘आता बरं वाटते’ म्हणून आणखी एक महिना सोडते. एके सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. लकवा.

इथून पुढे व्यवस्था जागी होते. 108 येते, भरती होते, हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, कागद पाहतो, पूर्वमंजुरी मिळते, वॉर्डातले उपचार मोफत होतात. घरी गेल्यावर थोड्या दिवसांची औषधंही योजनेतून मिळतात. मग योजना थांबते. बाई मात्र पुढची कित्येक वर्षं खाटेवर असते आणि तिची गोळी पुन्हा त्याच उपकेंद्राच्या साठ्यावर अवलंबून असते. तिला सांभाळायला एक मुलगी शाळा सोडते, नाहीतर सून मजुरी सोडते. या सगळ्यात सरकारने हजारो रुपये खर्च केले, फक्त शेवटच्या टोकाला केले. महिन्याच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या तर त्यातला बराचसा खर्च, आणि ती बाई, दोन्ही वाचण्याची शक्यता होती.

ज्वारी योजनेत पैसा आधी गावातल्या औषधपेटीकडे जायचा आणि मग हॉस्पिटलकडे. आजच्या विम्यात तो भरतीपासून सुरू होतो. ओपीडी, रोजची औषधं, तपासण्या हे विम्याबाहेर आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तुटपुंज्या तरतुदीवर सोडून दिले आहेत. सपाटीवर साधारण 30,000 आणि मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष कागदावर बरा आहे. डॉक्टरचं पद भरलेलं आहे का आणि औषधाचा साठा किती दिवसांचा आहे, हे निकषाने कळत नाही.

थायलंडने ही फट बुजवली. 2002 च्या कायद्याने त्यांनी आधी कोणत्याच योजनेत नसलेल्या सगळ्या नागरिकांना करांच्या पैशातून संरक्षण दिलं. रुग्णाने एका भेटीला 30 बात (तिथलं चलन) द्यायचे, पुढे ती रक्कमही काही वर्षं माफ होती. पैसा देण्याची त्यांची रीत मला इथे महत्त्वाची वाटते. तिथल्या जिल्हा पातळीवरच्या यंत्रणेला तिच्याकडे नोंदलेल्या माणशी वर्षाची ठरावीक रक्कम मिळते आणि तीत ओपीडी, प्रतिबंध, औषधं सगळं येतं. नोंदलेला माणूस धडधाकट राहिला तर यंत्रणेचा फायदा, तो वारंवार आजारी पडला तर तिचाच भार वाढतो. आपल्याकडे हॉस्पिटलला पॅकेज, म्हणजे त्या उपचाराची ठरलेली रक्कम, मिळते ती माणूस आजारी पडून भरती झाल्यावर.

आता काय करता येईल

गावाकडून पुन्हा ज्वारी किंवा रोख वर्गणी मागावी असं माझं म्हणणं नाही. आजचा शेतमजूर साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत कितीतरी खरेदीत कर भरतो, म्हणजे वर्गणी त्याने दिलेलीच आहे. वर्गणीमुळे मिळणारा जाब विचारायचा हक्क मात्र त्याला परत मिळाला पाहिजे. त्याची यंत्रणा अर्धवट का होईना, उभी आहे. 2005 मध्ये आलेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावच्या आरोग्य समितीला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा, निधी दिला. बहुतेक गावांत तो फिनाईल, खुर्च्या आणि बोर्ड रंगवण्यात जातो. 2007 पासून राज्यात लोकाधारित देखरेखीचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रम झाला, त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. मेळघाटातल्या बायकांनी जनसुनवाईत उभं राहून औषध बाहेरून का आणायला लावलं, गाडी का आली नाही, असे प्रश्न अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारले. ज्वारीची वर्गणी न देताही लोक असा जाब विचारू शकतात, हे त्या कार्यक्रमाने दाखवून दिलं.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला नोंदलेल्या माणशी औषध-तपासणीचा वेगळा निधी द्यावा आणि तो वर्षाच्या सुरुवातीलाच, पावसाळ्याआधी, खात्यात पडावा. बीपी, साखर, फिट्स आणि सिकलसेलच्या औषधांचा उपकेंद्रातला साठा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. सरकारी हॉस्पिटलांना विमा योजनेतून जे दावे मिळतात, त्यांतला ठरावीक भाग त्या रुग्णाच्या गावच्या उपकेंद्राकडे पाठपुराव्यासाठी वळवावा, म्हणजे लकव्याची बाई घरी आल्यावर तिच्या गोळीची जबाबदारी कोणावर तरी पैशासकट येईल.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण तिच्यात दोन विभागांचे हिशेब एकमेकांत गुंततात. तरी ती एका जिल्ह्यात करून पाहता येईल. त्यासाठी वर्धा सोयीचा आहे: जिल्हा लहान, सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं हाताशी, आणि आरोग्य निधीची बैठक कशी घ्यायची हे आठवणारी जुनी माणसं अजून गावांत आहेत.